फ्लेमिंगो वाढले म्हणून खाडी सुधारली का?

"मुंबईत फ्लेमिंगो लाखाच्या वर गेले, कांदळवन वाढलं, ईबर्ड या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या नोंदी दरवर्षी वाढतायत. मग पर्यावरण बिघडल्याची ओरड कशाला?" ठाणे खाडीतल्या गुलाबी थव्याच्या फोटोखाली हा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आकड्यांशी माझं भांडण नाही. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत, आणि उद्या एखाद्या पाणथळीवर भराव टाकताना तेच पुढे केले जातील.

"फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ." इथे येणाऱ्यांत छोट्या फ्लेमिंगोंची संख्या मोठी असते आणि त्यांचं मुख्य खाणं म्हणजे सूक्ष्म शैवाल. ते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसतं, आणि सांडपाण्यातून खाडीत येतं तेही हेच. म्हणजे एका मर्यादेपर्यंत घाण पाणीच या पक्ष्याचं पोट भरतं. मासे, पाण्यातला प्राणवायू, चिखलातले किडे टिपणारे तुतवार आणि चिखले हे पक्षी यांचं काय चाललंय, ते वेगळं मोजावं लागतं.

"इथे वाढले म्हणजे सगळीकडे वाढले." हे पक्षी घरटी करतात कच्छच्या रणात, आपल्याकडे ते चरायला येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या निसर्ग-अभ्यास संस्थेने 2022 मध्ये ठाणे खाडीत काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यांतले काही पुढे गुजरातेत पोहोचले. दुसरीकडची पाणथळ आटली तरी आपल्याकडचा आकडा फुगू शकतो. म्हणून तर आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत अनेक देशांत एकाच सुमारास होते. एका ठिकाणाचा आकडा किती फसवू शकतो हे मुंबईकरांना सांगायला नको: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. पर्जन्यमापक फक्त कुलाब्यालाच असता, तर त्या दिवसाची नोंद काय झाली असती?

आता ईबर्ड. तिथे कुणीही आपल्याला दिसलेले पक्षी नोंदवू शकतं. नोंदी वाढल्या, कारण नोंदवणारे वाढले. पक्षी वाढले की घटले हे निव्वळ बेरजेतून कळत नाही. त्यासाठी दिसलेली प्रत्येक जात लिहिलेल्या पूर्ण याद्याच घ्यायच्या आणि अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात येते, ते वर्षानुवर्षं पाहायचं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हे अहवाल याच पायावर उभे आहेत. 2023 च्या अहवालात 942 जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. 2020 च्या अहवालातली चिमणी मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते. देशभराचा हिशोब केला तर ती साधारण स्थिर दिसते. मुंबईसह सहा महानगरांच्या याद्या वेगळ्या काढल्या की तिथे ती घटत गेलेली दिसते. देशाच्या आकड्यावरून शहराबद्दल बोलता येत नाही आणि शहराच्या आकड्यावरून देशाबद्दलही नाही. हजारो हौशी माणसांनी गोळा केलेल्या नोंदींचं मोल हेच की तोच साठा दोन्ही पातळ्यांवर तपासता येतो.

"कांदळवन वाढलं." वाढलंही असेल, पण गाळ साचून तिवरं उघड्या चिखलपट्टीवर पसरली, तर फ्लेमिंगोंची चरायची जागाच कमी होते. उपग्रहाच्या नकाशात ते हिरवं दिसतं. आत पक्ष्यांना काय उरलं, ते खाडीत जाऊनच कळतं.

सगळ्यात घातक दावा शेवटी येतो: "खाडीला अभयारण्य केलंय, रामसर दर्जाही मिळालाय, मग बाजूची तळी गेली तर काय बिघडतं?" अभयारण्य 2015 चं, रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, 2022 चा, आणि दोन्ही गरजेचेच. पण ओहोटीला चिखलात चरणारा थवा भरतीला तिथे उभा राहू शकत नाही. तेव्हा तो नेरुळ-सीवूड्सची तळी, भांडुपची मिठागरं अशा उथळ जागा गाठतो. फक्त खाडीत, फक्त ओहोटीला मोजलं तर हा अर्धा दिवस नोंदीत येतच नाही. त्यामुळे पाणथळीच्या बाजूच्या कुठल्याही प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात ओहोटीच्या बरोबरीने भरतीच्या वेळच्या गणनाही, निदान काही हंगामांच्या, मागितल्याच पाहिजेत.