लिंगपर्वत आणि गुलाबी सायकल

"आठच किलोमीटर, तेही सपाट," असं मीच म्हणालो होतो. हे वाक्य ही मला निदान वर्षभर ऐकवणार.

दक्षिण लाओसमधलं चंपासक मेकाँगच्या काठाने शेवग्याच्या शेंगेसारखं लांबच लांब पसरलंय. तिथून वाट फू गाठायचं होतं. ख्मेर राजांच्या काळातलं शिवमंदिर, २००१पासून जागतिक वारसा. गेस्टहाउसच्या आजींनी दोन सायकली काढल्या. हिची बरी होती. माझी गुलाबी, पुढे टोपली, आणि सीट तिसरीतल्या पोराच्या उंचीवर कायमची गंजलेली. ब्रेक लागत नाही, हे मी अभिनयासह सांगितलं. "बो पेन न्यांग," आजी हसल्या. म्हणजे, काही हरकत नाही. त्यांना कुठे जायचं होतं?

पहिला किलोमीटर मी मेकाँग पाहिली. पुढे फक्त स्वतःचे गुडघे, कारण ते आलटून पालटून हनुवटीशी येत होते. पोरं "सबायदी!" ओरडायची. उत्तरादाखल हात उचलला आणि मी भातखाचरात उतरलो. बदकांनी जागा करून दिली.

डोंगर मात्र लांबूनच ओळखू येतो. माथ्यावर निसर्गानेच पिंडी ठेवावी तसा सुळका, म्हणून जुनं नाव लिंगपर्वत. पोहोचलो असं वाटलं, तर आधी तळं, मग दगडी खांबांची लांब वाट, मग दोन पडके वाडे, आणि मग पायऱ्या. त्या चढायच्या नसतात, त्यांवर लोंबकळायचं असतं. दोन्ही बाजूंना फुललेली झाडं.

"अहो, हा तर आपला खुरचाफा!"

लाओसचं राष्ट्रीय फूल आहे ते, हे मला माहीत होतं. सांगायला श्वास नव्हता.

गाभाऱ्यात आता बुद्ध आहेत. मागच्या खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेत, आणि कड्यातून झरा ठिबकतो. एके काळी हेच पाणी पन्हळीने गाभाऱ्यात नेऊन पिंडीवर सतत अभिषेक चाले. केवढी अक्कल! मी पन्हळीखाली डोकं धरलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"झाला का रुद्र?" ही म्हणाली.

खाली उतरलो तर सायकलीची सीट उन्हात तव्यासारखी तापलेली. हिने न बोलता एक तीनचाकी ठरवली. दोन्ही सायकली टपावर बांधल्या. आत छान गादीचे बाक होते. ही ऐसपैस बसली. मी कांबीला धरून, छताखाली वाकून, आठही किलोमीटर उभ्यानेच आलो.