घासलेली शिवराई आणि 'यूएनसी'ची चिठ्ठी

आज सकाळी एका विक्रेत्याने टाकलेला शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या जुन्या नाण्याचा, फोटो पाहिला आणि दिवसभर डोक्यातला संताप जाईना. दिवाळीसाठी घासलेल्या बंबासारखे लालभडक नाणे, आणि खाली दर्जा लिहिला आहे 'यूएनसी', म्हणजे व्यवहारात कधी फिरलेच नाही! 'श्री राजा शिव' या अक्षरांच्या कडा झिजून गोल झालेल्या स्पष्ट दिसत आहेत. फिरलेले तांबे तपकिरी पडते; अक्षरे झिजलेली आणि अंग मात्र लाल, हे दोन्ही एका नाण्यावर एकत्र दिसले की ते नाणे घासलेले असते, हे आपल्यापैकी कोणालाही वेगळे सांगायला नको.

मी हे ठामपणे म्हणतो, कारण हा अपराध मी स्वतः केला आहे. आठवीत असताना आजीने तिच्या बटव्यातली एक शिवराई माझ्या हातावर ठेवली, आणि मी त्याच दुपारी ती चिंच आणि मीठ लावून देवाच्या भांड्यांसारखी लख्ख घासली. आजी काहीच बोलली नाही. पुढच्या पावसाळ्यात 'राजा'मधल्या 'ज'च्या वळणात फिकट हिरवी भुकटी दिसू लागली. चिंचेच्या आम्लाने तांब्याला जपणारा तपकिरी थर काढून टाकला होता आणि मिठातले क्लोराइड धातूत मुरले होते. ते दमट हवेत तांबे खात राहते.

दर्जाची १ ते ७० ही जी मोजपट्टी आज सगळे वापरतात, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठीच मांडली होती. तांब्याचा रंग लाल, लाल-तपकिरी की तपकिरी, हेही जाणकार वेगळे नोंदवतात; पण तो रंग मूळचा असावा लागतो, चिंचेने आणलेला नव्हे.

त्याहून मला खुपते ते हे की, यंत्रावर पाडलेल्या नाण्याचे माप शिवराईला जसेच्या तसे लावले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्यावर चिन्हातल्या सिंहाची आयाळ पुसट असेल तर ती बहुधा झीज असते. शिवराई मात्र हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मागच्या बाजूच्या 'छत्रपति'मधले 'छत्र' पूर्ण उमटते आणि 'पति' अर्धे चकतीबाहेर जाते, बिंदूंची किनार तर एखाद्याच बाजूला मिळते. ते 'पति' कोणाच्या कनवटीला झिजलेले नाही, ते नाण्यावर कधी आलेच नव्हते. म्हणून झीज आणि ठसा यांचा दर्जा वेगवेगळा लिहायला हवा. उरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतील तर नाणे कमी फिरलेले आहे, मग अर्धा शब्द नसला तरी चालेल. आजीच्या शिवराईवर 'छत्र' अजून बोटाला लागते आणि 'पति'चा केवळ वरचा भाग आहे. पूर्वी एका प्रदर्शनात कोणी तरी तिला तेवढ्यावरूनच 'फार झिजलेली' ठरवून बाजूला सारले होते.

मातीतून निघालेले नाणे धुवावे लागते, हे मान्य. विक्रेत्यालाही घर चालवायचे असते, तेही मान्य. पण मग चिठ्ठीवर 'साफ केलेले' हे दोन शब्द लिहायला काय जड जाते? नवा संग्राहक साठवलेले पैसे घालून ते नाणे घेतो आणि एका पावसाळ्यात त्याच्या हाती हिरवी भुकटी येते. त्या मुलाचा विचार आला की राग ओसरतो आणि वाईटच वाटत राहते.

मघाशी आजीची शिवराई पुन्हा काढली. इतक्या वर्षांत तिच्यावर तपकिरी छटा परत आली आहे, पण एकसारखी नाही. 'ज'च्या पोटात अजून हिरवा ठिपका आहे. तिच्या पाकिटावर मी आजवर काहीच लिहिले नव्हते. आज लिहिले: 'झीज मध्यम, ठसा एका बाजूला सरकलेला, चिंच-मिठाने घासलेली.'