दीडपट वेगाने पाहिलेला ‘कोर्ट’

आज दुपारी माझ्या भाच्याने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मोबाईलवर पाहिला आणि मला सांगितले, “आत्या, चांगला आहे, पण त्यात काही घडतच नाही. मी दीडपट वेगाने पाहिला.” सुवर्णकमळ मिळालेला ११६ मिनिटांचा चित्रपट त्याने ७७ मिनिटांत उरकला होता. वाचलेल्या ३९ मिनिटांचे त्याने काय केले, हे मी विचारले नाही. उत्तर ऐकून आणखी चिडले असते.

मी अकरावीत असताना एकदा अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, तालुक्याच्या कोर्टात गेले होते. बांधाचा दावा होता. सकाळी अकरापासून आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो आणि आमच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा पावणेचार वाजले होते. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, न्यायाधीशांनी ती दिली आणि तीन मिनिटांत आम्ही पुन्हा व्हरांड्यात होतो. अण्णांनी खाकी पुठ्ठ्याच्या वहीत पुढची तारीख लिहिली, वही पिशवीत ठेवली आणि आम्ही एसटी गाठली.

ज्याला हे ठाऊक आहे, त्याला ‘कोर्ट’ संथ वाटूच शकत नाही. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. (कांबळे साकारणारे वीरा साथीदार प्रत्यक्षातही चळवळीतलेच होते, २०२१ मध्ये कोरोनाने गेले.) एखाद्या दिग्दर्शकाने या आरोपावर टाळ्यांची वाक्ये लिहून घेतली असती. ताम्हाणे यांचा कॅमेरा मात्र आमच्यासारखाच बाकावर बसून राहतो. सरकारी वकील बाई कलमे एका सुरात वाचत जातात आणि बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष आठवा. नवरा आधी गटारात खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आले तरच आत उतरायचा, हे ती ज्या थकलेल्या, तुटक आवाजात सांगते, तो आवाज दीडपट वेगाने ऐकणे मला असभ्यपणाचे वाटते. होय, असभ्यपणाचे, शब्द विचारपूर्वक वापरला आहे.

उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख राहतो. आमच्या चिरंजीवांनी तो काळोख बोटाने पुढे सरकवला! पावणेचारपर्यंतचे ते बाकावरचे पावणेपाच तास असे बोटाने सरकवता आले असते तर अण्णांना किती बरे झाले असते.

संथपणाच्या नावाखाली काही दिग्दर्शक आपला आळस खपवतात, हे मान्य. ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’च्या पूर्वार्धात मलाही एकदा डुलकी लागली होती, हेही लपवत नाही. तरीही रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकलवर सावकाश जाणारा, शास्त्रीय गायक होऊ पाहणारा तो शरद आणि त्याच्या कानातल्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांमधला गायिका माईंचा (पडद्यामागून सुमित्रा भावे यांचा) शांत आणि निर्दय आवाज माझ्या डोक्यातून अजून जात नाही. वर्षानुवर्षे रियाज करूनही गळ्यात न येणारे गाणे घाईघाईने कसे दाखवणार?

इथपर्यंत लिहिले आणि एक गोष्ट आठवली, जी खरे तर आधीच सांगायला हवी होती. त्या दिवशी बाकावर मी अजिबात शहाण्यासारखी बसले नव्हते. दर थोड्या वेळाने अण्णांना विचारत होते, “अजून किती वेळ?” चौथ्यांदा विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, “नाव पुकारेपर्यंत.” ते चिडले नव्हते. भाच्याने तर आजोबांना फक्त फोटोत पाहिले आहे, आणि कोर्टाची पायरीही तो कधी चढलेला नाही. मी मात्र दुपारी त्याच्यावर बरीच चिडले.

मघाशी त्याला फोन केला. रविवारी येतो म्हणाला. त्या बाईची साक्ष आम्ही दोघे मिळून आहे त्या वेगाने पाहणार आहोत, मध्ये चहा मिळेल या त्याच्या अटीवर. अण्णांची ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत असावी, ती काढून ठेवते. तिच्यातल्या शेवटच्या तीन तारखा माझ्या अक्षरात आहेत.