गहू सोडायच्या आधी रक्त द्या

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक सल्ला या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पोट फुगतं, सारखं बिघडतं, तर सिलिॲक हा आतड्याचा आजार असणार. तपासण्या म्हणजे पैसे काढायचे धंदे, रक्ताची टेस्ट तर खोटीच निघते. महिनाभर गहू सोडा, बरं वाटलं की निदान झालंच. तसा हा आजार पंजाब-हरियाणाकडचा. मग खपली गहू सुरू करा आणि वर्षभरात आतडं भरून आलं की नेहमीची पोळी. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण यातलं एकेक वाक्य कुणाला ना कुणाला महागात पडू शकतं.

सगळ्यात घातक वाक्य आहे ‘महिनाभर सोडून बघा’. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या अस्तरावरचे अन्न शोषणारे बारीक अंकुर झिजतात आणि रक्तात टीटीजी नावाची प्रतिद्रव्यं वाढतात. रक्ताची तपासणी ही प्रतिद्रव्यं मोजते आणि दुर्बिणीतून (एन्डोस्कोपीने) घेतलेला आतड्याचा तुकडा अंकुरांची झीज दाखवतो. दोन्ही खुणा गहू पोटात जात असेपर्यंतच भरवशाच्या. गहू बंद केला की आकडा उतरू लागतो, अस्तर सुधारू लागतं, आणि मग अहवाल नॉर्मल आला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. डॉक्टर सांगतात, काही आठवडे पुन्हा रोज गहू खा आणि मग या. नुकतंच बरं वाटू लागलेला माणूस याला सहसा तयार होत नाही.

शिवाय ‘बरं वाटलं’ हा पुरावाच नव्हे. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टॅन नावाची शर्कराही असते, कांदा-लसणात असते तीच. नाजूक पोटाच्या कित्येकांना तिनेच गॅस धरतो. अशांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं, आणि सिलिॲक नसतानाही ते आयुष्यभराचं पथ्य गळ्यात बांधून घेतात.

‘रक्ताची टेस्ट खोटी निघते’ यात तथ्याचा अंश आहे, पण कारण कुणी सांगत नाही. नेहमीची तपासणी टीटीजी-आयजीए ही. आयजीए आणि आयजीजी हे प्रतिद्रव्यांचे दोन प्रकार. सिलिॲक असलेल्या शंभरातल्या दोघातिघांच्या शरीरात आयजीए मुळात जवळजवळ बनतच नाही, मग ती प्रतिद्रव्यं दिसणार कुठून? म्हणून सोबत एकूण आयजीए मोजलेलं असावं, आणि ते फारच कमी असेल तर आयजीजी प्रकारची तपासणी करावी. उलट बाजूही ध्यानात घ्या. समजा अहवालावर मर्यादा २० आणि तुमचा आकडा २६ आहे. तेवढ्यावरून सिलिॲक ठरत नाही, कारण टाइप १ मधुमेहात किंवा यकृताच्या काही आजारांत असा थोडा चढ दिसतो. हाच आकडा २०० च्या पुढे असेल तर मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही.

जनुकांची तपासणी, म्हणजे एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८, पॉझिटिव्ह आली म्हणून हातपाय गाळू नका. जगभरात साधारण ३० ते ४० टक्के लोकांत ही जनुकं असतात आणि बहुतेकांना आजार कधीच होत नाही. ती नसतील तर मात्र सिलिॲक जवळजवळ बाद. आणि शेकडो पदार्थांची ‘इन्टॉलरन्स’ यादी देणारी ती महागडी पॅनल टेस्ट? तिथे ‘पैसे काढायचे धंदे’ म्हटलं तर माझी हरकत नाही.

दुर्बीण मात्र धंदा नव्हे. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून एकाच नव्हे, चारसहा ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही प्रतिद्रव्यांचीच आणखी एक तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर दुर्बिणीशिवाय निदान करायला युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचना मुभा देतात. म्हणजे गरज नसेल तिथे डॉक्टरही ती टाळतातच.

‘उत्तरेकडचा आजार’ म्हणावं तर दिल्ली परिसरात शंभरात एकाला सिलिॲक आढळला आणि दक्षिणेत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, हे खरं. पण ती जनुकं दक्षिणेतही कमी नाहीत, फरक ताटातल्या गव्हाचा आहे. आता आपलं ताट बघा: सकाळी चहाबरोबर खारी, डब्यात पोळी, रात्री पुन्हा पोळी. आणि दरवेळी जुलाबच होतात असंही नाही. गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन किंवा मुलाची खुंटलेली उंची एवढीच खूण असू शकते.

खपलीबद्दल एका ओळीत: खपली गहूच आहे. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे किलोला १०० ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ छापायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. मधुमेहींना खपलीचा फायदा होतो की नाही, तो वाद वेगळा.

‘वर्षभराने पोळी चालेल’ ही चूक जुनीच आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी सिलिॲक असलेल्या मुलांना केळ्यांचा आहार दिला. पाव बंद असल्यामुळे मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना मिळालं आणि बऱ्या झालेल्या मुलांना पुन्हा पाव मिळू लागला. खरा दोषी गहू, हे हॉलंडच्या विलेम-कारेल डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं. आतडं भरून येतं ते ग्लुटेन नसल्यामुळे. ग्लुटेन परत आलं की झीजही परत.

निदान पक्कं झालं असेल तर घाबरून महागडी पाकिटं आणू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे घरचंच आहे, आणि एकादशीला तर साबुदाणा, वरई, राजगिरा अशी चंगळ. घात होतो तो लपलेल्या गव्हाने. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा घटक वाचूनच घ्या. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात अनेक घरी गहू पडतो. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारीही चालत नाही, त्यासाठी घरची चक्की किंवा स्वतंत्र दळण हवं. पोळपाट-लाटणं वेगळं, पुऱ्या तळलेलं तेल नको. सत्यनारायणाच्या शिऱ्याला ‘एवढासा घ्या हो’ म्हणणारे भेटणारच, त्यांना हात जोडायचे. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला तपासायचं. लोह, बी१२ आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्यायचं.

आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करायची असते, कारण त्यांच्यात हा आजार इतरांहून कितीतरी जास्त सापडतो. घरात एकाला निदान झालं की बाकीचे प्रेमापोटी त्याच्याबरोबर भाकरीवर येतात. जरूर यावं, फक्त पोळी बंद करण्याआधी सगळ्यांनी रक्त देऊन यावं.