‘खरा सीए खचत नाही’ म्हणे!

१ जुलैला, म्हणजे सीए दिनाला, आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णाकाकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. ‘खरा सीए खचत नाही.’ तोवर तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला होता आणि एकदाही मी तो उघडला नव्हता. पण रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. ती पुण्यात आर्टिकलशिप करते, म्हणजे सीए होण्याआधीची फर्ममधली सक्तीची उमेदवारी. “आत्या, मी कच्ची आहे का गं?”

मग उघडला. वाचून डोकं फिरलं.

पहिलाच मुद्दा असा: आपल्या इन्स्टिट्यूटचं, म्हणजे सीएंच्या संस्थेचं, बोधवाक्यच ‘य एष सुप्तेषु जागर्ति’ आहे. जग झोपतं तेव्हा जागतो तो सीए. ज्याला झोप प्यारी त्याने बी.कॉम. करून गप्प बसावं.

बोधवाक्य खरं आहे, कठोपनिषदातलं आहे. पण त्याच मंत्रातले पुढचे शब्द वाचायची तसदी कुणी घेतली का? ‘कामं कामं पुरुषो निर्मिमाणः’. सगळं निजलं तरी आत जागा असतो तो पुरुष, आणि मंत्र पुढे त्यालाच ब्रह्म म्हणतो. रात्री दोनला वाउचिंग करणारा, म्हणजे बिलं-पावत्या तपासत बसणारा, आर्टिकल (उमेदवार) तिथे कुठेही नाही. शिवाय हे सांगतोय कोण? यम! ऐकतोय कोण? नचिकेता. तो पोरगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून होता, कारण यम घरी नव्हता. परत आल्यावर यम काय म्हणाला? “आमच्या वेळी आम्ही सात रात्री बसायचो” असं नाही म्हणाला. त्याने आधी नमस्कार केला आणि तीन रात्री उपाशी ठेवल्याबद्दल तीन वर दिले. रात्रीमागे एक. यमाच्या दारी ओव्हरटाइम मिळतो, आमच्याकडे रात्री नऊनंतर थांबलं तर वडापाव मिळतो, तोही सर खुशीत असतील तर.

आणि इन्स्टिट्यूटचंच काही दाखवायचं असेल तर आर्टिकलच्या कामाचे तास दाखवा ना. जेवणाची सुट्टी सोडून आठवड्याला ३५. हे बोधवाक्याइतकंच अधिकृत आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरा मुद्दा ‘आमच्या वेळी’चा. आम्ही सोळा सोळा तास काम केलं, कुणाला डिप्रेशन आलं नाही. अण्णा, माझ्या वेळी आमच्या ऑफिसात सात आर्टिकल होतो. त्यातला एक सप्टेंबरात गावी गेला तो परत आलाच नाही. ‘झेपलं नाही त्याला’ म्हणून आम्ही त्याचं टेबल वाटून घेतलं. मोजलंच नाही तर आकडा शून्यच येणार, एवढं तरी हिशेबनिसाला कळावं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मोजलं: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. दिवसाला सोळा तास म्हणजे आठवड्याचे किती, ते अण्णांनीच करावं.

तिसरा मुद्दा संस्कार आणि ध्यानाचा. रोज दहा मिनिटं ध्यान केलं की ताण पळतो. ध्यानाचा मला स्वतःला उपयोग झालाय, नाही म्हणत नाही. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची धावपळ कुणालाच चुकत नाही आणि तिथे थोडा घट्टपणा लागतो, हेही मान्य. पण ११ तारखेचं आणि २० तारखेचं जीएसटी रिटर्न ध्यानाने पुढे ढकललं जात नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या फर्ममधली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईचं कामाच्या ताणाबद्दलचं पत्र देशभर फिरलं, तेव्हाही घरच्यांनी मुलांना ताण सोसायला शिकवावं असे सल्ले निघालेच. कामगार खात्याने तपासणी केली तर काय निघालं? ते ऑफिस २००७ पासून शॉप ॲक्टच्या, म्हणजे कामाचे तास बांधून देणाऱ्या कायद्याच्या, नोंदणीविना चालू होतं. संस्कार कुणाचे कमी पडले मग?

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ‘मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात, गोळ्या सुरू झाल्या, की सीएचं सदस्यत्व जातं, सही करता येत नाही. म्हणून मन घट्ट करा.’ भाचीने नेमकी हीच ओळ स्क्रीनशॉट काढून पाठवली होती. पोरगी दीड महिना झोपलेली नाही आणि या ओळीपायी डॉक्टरांकडे जात नाही.

यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच हे जास्त विखारी. सीए कायदा, १९४९, कलम ८ मध्ये अपात्रतेची यादी आहे आणि त्यात मनोविकल व्यक्ती येते. पण कलम तिथे थांबत नाही. सक्षम न्यायालयाने तसं ठरवलेलं असावं लागतं. न्यायालयाने. डॉक्टरांच्या चिठ्ठीने नाही, केमिस्टच्या बिलाने नाही, अण्णांच्या ग्रुपने तर मुळीच नाही. त्यावर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याचं कलम ३ स्पष्ट म्हणतं की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. आणि कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या प्रिन्सिपलला, म्हणजे ज्याच्या हाताखाली आर्टिकलशिप चालते त्या सीएला, ती परस्पर कुणी कळवायची नसते. डायबेटिसची गोळी घेऊन बॅलन्सशीटवर सही चालते, तशीच ही गोळी घेऊनही चालते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, कलमांच्या आकड्यांसकट. अण्णांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पाठोपाठ मधुमेहावर कारल्याचा रस.

भाचीला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर दिला, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. शिवाय गुरुवारी संध्याकाळी साडेपाचची डॉक्टरांची वेळ घेतलीय. “सर सोडतील का?” विचारत होती. म्हटलं, दात दुखतोय म्हणून सुट्टी मागितली असतीस तर विचारलं असतंस का?

“तरीही विचारलं असतं,” म्हणाली.