पाचशेचं चलन भरायला एवढं जड जातं का?

डोकं उठलंय आज. गाडी अण्णांच्या नावावर, फिरवतो धाकटा भाऊ, आणि रोज संध्याकाळी साताऱ्यातल्या मोती चौकात नो पार्किंगच्या बोर्डाखालीच लावतो, 'दोन मिनिटात आलो दादा' म्हणून. चलनाचा मेसेज जातो अण्णांच्या जुन्या नंबरवर, ते सिम कधीच बंद झालंय. आता गाडी विकायला गिऱ्हाईक ठरलं, टोकन घेतलं, आणि ट्रान्सफरला गेलो तर स्क्रीनवर चार चलनं पेंडिंग, प्रत्येकाला बोर्डाखाली उभ्या आपल्याच एमएच ११ चा फोटो. पहिलं ५०० चं, पुढची तीन १५०० ची, म्हणजे झाले की पाच हजार! ते भरल्याशिवाय गाडी नावावरनं हलत नाही. गिऱ्हाईक बिचारं हाफ डे टाकून आलेलं, तसंच परत गेलं.

आणि भाऊ म्हणतो थांब, लोकअदालतीत कमी करून घेऊ. अरे पण नोटीस अण्णांच्या नावानं येणार ना! सत्तरी ओलांडलेल्या माणसानं तुझ्यापायी कोर्टाची पायरी चढायची का? राजवाड्यापाशी गाडी लावून पाच मिनिटं चालायला पाय मोडतात का रे तुझे? आधी तो मोबाईल नंबर बदलून घेतो, आणि पैसे तुझ्याच पगारातनं.