'हौशी' म्हणालात म्हणून हे उत्तर

नमस्कार सर,

गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधणारा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, त्याच्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही रात्री पावणेदोनला कमेंट टाकलीत, मी ती सकाळी वाचली आणि समोरचा चहा तसाच गार झाला.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. पंचम जॉर्ज गेटवेतून मुंबईत शिरले असं मी लिहून बसलो होतो, ते चुकलंच. २ डिसेंबर १९११ ला राजाराणी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा दगडाची कमान उभीच नव्हती, गेटवे खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय. थँक्यू.

पण पुढचं तुमचं वाक्य बघा: 'गुजरातची कमान आणि विजापूरचा घुमट उचलून चिकटवणाऱ्या नक्कलखोराला तुमच्यासारखे हौशी लोक आर्किटेक्ट म्हणतात, आधी प्लॅन वाचायला शिका.' ही काय भाषा झाली? चूक दाखवा ना, शंभर वेळा दाखवा, पण समोरच्याचं शिक्षण काढायचं कारण काय?

आणि प्लॅनचं म्हणाल तर माझे वडील तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. गिरगावात चाळीतल्या एका खोलीत जमिनीवर ट्रेसिंग पेपर पसरलेला असायचा, त्याच्यावर पाय पडला की पाठीत धपाटा, नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा वास त्यांच्या शर्टाला कायम. प्लॅन म्हणजे काय, सेक्शन म्हणजे काय हे मला चौथीत असताना त्यांनी भाकरी मधोमध मोडून दाखवलंय. रविवारी आम्ही चालत विटेटच्या त्या म्युझियमला जायचो, तिकीट परवडायचं नाही तेव्हा बाहेरूनच बघायचो, आणि ते सांगायचे की हा करडा दगड कुर्ल्याचा, तो पिवळट मालाडचा, बघ दोन्ही एकाच भिंतीत कसे बसवलेत. मी डिग्री घेतली नाही, घरची परिस्थिती नव्हती. म्हणून मी हौशी?

आता 'उचलून चिकटवला'. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) काम विटेटला १९०९ च्या स्पर्धेतून मिळालं. त्या इमारतीत आत गेलायत का कधी? नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं कोरीव लाकूडकाम, खांब आणि कमानींसकट, त्याने विकत घेऊन तिथे बसवलं. नुसती नक्कलच करायची तर सुताराकडून तशाच कमानी नवीन करून घेता आल्या असत्या, पण त्याने मूळ लाकूड आणलं आणि बाहेरच्या दगडी घुमटाखाली त्याला जागा दिली. याला मी नजर म्हणतो. गेटवेचंही तेच, जाळ्या आणि कमानीचं वळण सोळाव्या शतकातल्या गुजरातचं आहे हे मी स्वतः पोस्टमध्ये लिहिलंय, तुम्ही नवीन काही सांगितलं नाहीत. पण ८३ फूट उंची, ४८ फूट व्यासाचा मधला घुमट, पिवळ्या बेसॉल्टला आरसीसीची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची जोड, आणि हे सगळं समुद्राकडे तोंड करून बोटीतून येणाऱ्यासाठी उभं केलेलं, असं गुजरातेत कुठल्या मशिदीत आहे ते दाखवा. आणि घुमटच मोजायचे तर सरकारी आर्किटेक्ट जॉन बेगच्या जीपीओवर, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्ट ऑफिसवर, विजापूरच्या गोल घुमटाची छाप त्याहून ठळक आहे, विटेट त्याचाच असिस्टंट होता, मग एकट्या विटेटलाच का झोडायचं?

साम्राज्याचा डामडौल वगैरे तुम्ही जे पुढे लिहिलंय ते सगळीकडे वाचायला मिळतं, त्यात मी शिरत नाही. पाथरवटांवर एक ओळही नाही म्हणालात, बरं, पण ती पोस्ट विटेटवर होती.

हा माणूस १९०४ ला इथे आला, १९१९ ला सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला, १९२६ ला मुंबईतच वारला आणि शिवडीला पुरलाय. माझे वडील मला तिथेही घेऊन गेले होते. त्याच्यावर टीका करा, पण स्वतःचं खरं नाव लावून करा, रात्री पावणेदोनला खोट्या आयडीवरून नको.

परत कमेंट करायच्या आधी म्युझियममध्ये जाऊन त्या नाशिकच्या लाकडाखाली दहा मिनिटं उभे राहा. त्यानंतरही 'चिकटवलंय' असंच वाटलं तर लिहा, मी डिलीट करणार नाही.